सरकीच्या पोत्यावरचा बैल

मी सरकीचं पोतं बोलतोय. ऐकायचं तर ऐका, पण आधीच सांगून ठेवतो, माझा कोणावर भरवसा नाही. दिग्रसच्या जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, उमर गेली ना बाप्पा! कोणी सरकीवर पाणी मारून वजन वाढवायचा, कोणी माझ्या पोटात दगड लपवायचा आणि वरून देवाची शपथ घ्यायचा. म्हणून मी ताकही फुंकून पितो.

माझा जन्म बंगालातल्या तागाचा, असं लोक म्हणत. मला आठवतं ते जिन आणि हमालांच्या घामेजल्या पाठी. त्या हमालांत गोविंदा नावाचा एक होता. छप्पन साली त्याच्या घरानं बौद्ध धम्म घेतला. त्याची लेक प्रभावती शिकून मास्तरीण झाली आणि एकसष्ट साली तिला जवळच्याच तांड्यावरची शाळा मिळाली. जाण्याआधी ती जिनात आली आणि फाटकं म्हणून टाकलेलं पोतं, म्हणजे मला, मागून घेऊन गेली.

मला वाटलं, नेतेय कोळसा भरायला. तर तिनं माझी शिवण उसवली, मला धुतलं आणि शाळेच्या भिंतीवर आडवं टांगलं. पोतं भिंतीवर टांगणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. दाळीत काहीतरी काळं आहे, मी मनाशी म्हटलं.

तांडा बंजाऱ्यांचा. पोरं घरी गोरबोली बोलायची आणि शाळेतलं पुस्तक मराठी. आधीचे गुरुजी 'नीट बोल' म्हणून छडी हाणायचे, मग पोरं बोलायचीच नाहीत. धडा पाटीवर उतरवायला सांगा, मोत्यासारखा उतरवून देत. 'तुझ्या मनचं लिही' म्हटलं की दातखीळ बसली!

प्रभावतीबाईंनी सुया आणि रंगीत लोकर आणली. "पुस्तक ठेवा बाजूले," त्या म्हणाल्या. "जे पाह्यलं ते या पोत्यावर टाचा. मंग मले सांगा, आपल्या बोलीत सांगा. लिहायचं शेवटी."

पोरं तुटून पडली. कोणी विहीर टाचली, कोणी बकरी. प्रत्येक चित्राखाली बाई मांजरपाटाची पट्टी जोडायच्या. तिच्यावर आधी पोराची गोरबोली मराठी अक्षरांत आणि खाली तेच मराठीत, शाईनं लिहायचं. मुकी पोरं भांडून भांडून सांगू लागली. मी मात्र सुया टोचून घेत विचार करायचो, ही बाई यांच्याकडून काय काढून घेतेय? फुकट कोणी कोणाचं ऐकत नाही, लेकहो.

हाच संशय शाळेतल्या जमली नावाच्या पोरीच्या आईला, सुखीबाईला. काही वर्षांमागं तिच्या नवऱ्याला, शंकरसिंगला, चोरीचा बैल बाळगला म्हणून शिपायांनी नेलं होतं. बैल घरचाच होता. पण ठाण्यात लिहिणाऱ्यानं आपल्या मनचं लिहिलं, खाली शंकरसिंगचा अंगठा उठवून घेतला आणि तो तुरुंगात बसून आला. आल्यापासून तो त्याविषयी चकार शब्द बोलत नव्हता. आणि जमलीनं माझ्यावर टाचायला घेतलं काय, तर तोच बैल! शेजारी टोपीवाला शिपाई. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बातमी तांड्यावर पोचली. सुखीबाई भर दुपारी शाळेत आली ती विळा घेऊनच.

"खरं सांग बाई, तुले कोणं पाठवलं? ठाण्यावाल्यानं?"

"कोणीच नाही, सुखीबाई. तिले जे सांगावं वाटलं ते टाचून राह्यली ती."

"अन् लिहिलं का पुन्हा नेतीन त्याले! उद्यापासून पोरगी शाळेत येनार नाही. अन् हे पोतं त मी फाडतेच!"

बाई आडव्या आल्या नाहीत. "चित्र तुमच्याच घरचं आहे. फाडा," एवढंच म्हणाल्या. जमली हुंदके देऊ लागली. आता काय लपवू, मीही भ्यालो.

सुखीबाईनं मला मुठीत धरलं, विळा उचलला आणि थबकली. बैलाच्या पाठीवरून तिनं बोट फिरवलं. मग गोरबोलीत लेकीवरच ओरडली, "हा टाका असा ओढतात? वशिंड कुठं आहे याचं?"

बंजारीण सारं सोसेल, पण लेकीचा वाकडा टाका नाही सोसणार! विळा बाजूला ठेवून तिनं फतकल मारलं आणि बैल उसवायला घेतला. "अन् लाल लोकर कशाला? आपला बळद काळा होता. माझ्या बापानं दिलेलं वासरू. याच हातानं सरकीची ढेप चारली त्याला." टाक्यामागून टाका पडत गेला आणि ठाण्यात जे कोणी ऐकून घेतलं नव्हतं, ते सारं तिच्या तोंडून निघालं. जमली पट्टीवर लिहीत होती, 'ई बळद हमारो छ.' आणि खाली, 'हा बैल आमचा आहे.'

"वाच," सुखीबाई म्हणाली. जमलीनं वाचलं. "पुन्हा वाच." पुन्हा तेच. तरी तिचं समाधान होईना. तिनं जमलीच्या शेजारी बसलेल्या, तांड्यावरच्याच उत्तमसिंगच्या पोरीला पुढं ओढलं. "आता तू वाच. माह्या पोरीनं आतमधी काही घातलं त नाही ना?" त्या पोरीनंही अक्षर न् अक्षर तेच वाचलं.

सुखीबाईनं विळा कमरेला खोचला. "येईन पोरगी," शेवटी म्हणाली. "पण मी रोज येऊन पाहीन." आणि आलीच की रोज! तिच्याइतकी संशयी बाई मी जिनातही पाहिली नाही. मला ती फार आवडली.

मग एका बाजाराच्या दिवशी तिनं शंकरसिंगला आणलं. तो दारातच उभा राहिला. जमलीनं वाचलं, त्यानं मान खाली घालून ऐकलं. मग पुढं येऊन काळ्या बैलावर तळहात ठेवला.

"खरं आहे," तो म्हणाला आणि बाईंसमोर अंगठा धरला. "कुठी लावू?"

बाईंच्या आधी जमलीच म्हणाली, "बा, याले अंगठा लागत नाही. हे आपलंच आहे."

तो माणूस माझ्याखाली बसून ढसाढसा रडला. मग डोळे पुसून लेकीला म्हणाला, "लिही," आणि तुरुंगातलं सांगायला लागला.

आता बाईंची बदली पांढरकवड्याकडं झाली आहे. उंदरांनी माझी एक कड खाल्ली, लोकर विटली. नवे गुरुजी मला खाली काढून दाराशी पायपुसणं करायचं म्हणतात. माणूस बरा दिसतो, पण माझा त्यांच्यावरही भरवसा नाही. करा गुरुजी, पोतंच आहे मी. फक्त पाय पुसण्याआधी एकदा वाचा. मोठ्यानं वाचा, पोरांसमोर.