पाहुण्यांसाठी आवरलेली गल्ली

गाडीतून उतरल्या उतरल्या नगराध्यक्षाबाईंनी कपाळाला हात लावला. सगळी गल्ली धुऊन काढलेली होती. छपरांवरच्या फाटक्या ताडपत्र्या गायब होत्या, दारांना ताजा निळा रंग होता आणि प्रत्येक उंबऱ्याशी डब्यात लावलेलं एकेक रोपटं डोलत होतं. पालिकेचा इंजिनीअर आधीच येऊन उभा होता. ताठ उंचीमुळे सगळे त्याला गवंड्याचा ओळंबा म्हणत. आज तो ओळंबाही जरा कलला होता.

"बाई, मी सांगितलं होतं हो यांना," तो म्हणाला. "जसं आहे तसंच राहू द्या म्हणून."

सांगितलं असणारच. पण पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरायचं नाही, हे इथल्या माणसांना पटणं शक्यच नव्हतं. बाईंच्या हे आधीच लक्षात यायला हवं होतं, कारण त्यांचं लहानपण याच गल्लीत गेलं होतं.

आणि येणारी पाहुणी काही साधीसुधी नव्हती. वस्तीला लागूनच परवडणाऱ्या घरांचं काम चालू होतं. भिंती खिडकीच्या उंचीपर्यंत आल्या, आणि राज्य सरकारने निधी परत घेऊन दुसरीकडे वळवायचं ठरवलं. गरज उरलेली नाही, असं त्यांचं म्हणणं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या पालिकेतल्या दोन्ही पक्षांनी त्या दिवशी एकमताने विरोधाचा ठराव केला. बाईंनी राजधानीच्या फेऱ्या मारून चपला झिजवल्या, तेव्हा कुठे एका अधिकारीबाईंना पाहणीसाठी पाठवायचं कबूल झालं. आता त्या जे लिहितील त्यावर सगळं अवलंबून होतं.

अधिकारीबाई वेळेवर आल्या. बोलणं बेताचं, नजर मात्र सगळीकडे. एकेका दारातून आत डोकावत त्या "छान ठेवलंय" म्हणत, आणि दर वेळी बाई ओळंब्याकडे बघत. घरवाल्यांचे चेहरे मात्र खुलत होते.

शेवटचं घर मावशींचं. मावशी सगळ्या गल्लीच्याच मावशी. बाईंच्या वेण्याही त्यांनीच घातलेल्या. घर म्हणजे एकच खोली. आज तिथल्या वळकट्या शेजारी लपल्या होत्या, खुर्च्या कुठूनतरी मागून आणल्या होत्या आणि ओल आलेल्या भिंतीवर कोरा पडदा सोडला होता. चहा होईपर्यंत बाई मावशींच्या कानाशी लागल्या. तेवढा पडदा जरा बाजूला करा ना, म्हणाल्या.

"आल्या आल्या पाहुण्यांना ओल दाखवू?" मावशी कुजबुजल्या. "हेच शिकवलं का गं तुला?"

बाई खुर्चीवर परतल्या. त्यांना मावशींचा रागही आला आणि त्याच वेळी त्यांना मिठी मारावीशीही वाटली.

चहा संपवून अधिकारीबाईंनी कप खाली ठेवला.

"घरं चांगल्या अवस्थेत दिसतायत," त्या म्हणाल्या. "मला तसंच लिहावं लागेल."

बाईंनी भाषण तयार करून आणलं होतं, आकड्यांसकट. पण याच खोलीत, मावशींच्या तोंडावर, हे घर राहण्याजोगं नाही असं म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

तेवढ्यात दारात मावशींचा मुलगा उभा राहिला. शीतगृहातली रात्रपाळी संपवून आला होता, डोळे तारवटलेले. इतकी माणसं पाहून तो मागे सरकला. मावशी मात्र सवयीने उठल्याच. त्यांनी अधिकारीबाईंच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"चला, आपण बाहेर बसू. त्याची झोपायची वेळ झाली."

"असू दे गं आई, मी थांबतो."

"थांबतोस कधीपर्यंत? दुपारी तुझी बायको कामावरून आली, की तिला नको का पाठ टेकायला?"

अधिकारीबाईंना काही कळायच्या आत त्या खुर्ची हातात घेऊन गल्लीत उभ्या होत्या. शेजारच्या खिडकीतून एक वळकटी हातोहात आत गेली. दार लागलं. अधिकारीबाई मिटल्या दाराकडे बघत राहिल्या.

"आणि तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"मी ही अशी इथे बाहेर. सावली सरकेल तशी सरकते." मावशींना त्यात विशेष काही वाटत नव्हतं. "रात्री चैन असते हो. तो कामावर गेला की त्याची जागा मला. तुम्ही राहा की आज. जरा अंग चोरलं तर दोघी मावू."

ओळंब्याने मान खाली घातली. बाईंना रडू आलं, म्हणून त्या उगाचच एका डब्यातलं रोपटं न्याहाळायला लागल्या.

आत माणूस झोपला होता म्हणून की काय, अधिकारीबाईंचा आवाज खाली आला.

"नव्या घरात तुमची जागा कुठे असेल? दाखवता?"

हे मात्र मावशींना फार आवडलं. त्या भराभर पुढे निघाल्या आणि बाकीचे मागे. सोडतीत त्यांना लागलेलं घर बांधकामाच्या अगदी कोपऱ्यात होतं. खिडकीपर्यंतच्या भिंती, वर मोकळं आभाळ, खाली माती आणि खडी. दाराची नुसती चौकट उभी होती. मावशी कमरेएवढी भिंत सोडून बरोबर त्या चौकटीतूनच आत गेल्या.

"इकडे स्वयंपाक. तिकडे ती दोघं," त्यांनी हात फिरवून दाखवलं. मग कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि जराशा लाजल्या. "आणि इथे मी. दुपारची घटकाभर आडवी पडेन म्हणते."

अधिकारीबाई चौकटीपाशी थांबल्या होत्या. त्यांनी वाकून पायातले बूट काढले.

"असू दे हो," मावशी आतून म्हणाल्या. "फरशी कुठे बसलीय अजून? खडी टोचेल."

त्यांनी ऐकलं नाही. बूट चौकटीबाहेर नीट लावून ठेवले आणि आत आल्या.