लाल दिव्यातली आई

बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शिंप्याचं मशीन भिंतीला सरकवलं होतं, कापड बेतायच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली होती आणि चादरीवर, फुलांच्या ढिगात, इंटरनेटचा डबा विराजमान झाला होता. मोडेम आणि राउटर एकातच असलेला, काळा, दोन शिंगांचा. त्याच्या कपाळावर हिरवा दिवा जळत होता आणि इमारतीतली झाडून सगळी माणसं त्या दिव्याकडे टक लावून बसली होती.

समोर तरंगबाबा बसले होते, पुढ्यात दक्षिणेचं ताट ठेवून. खोलीत उकडत असूनही त्यांच्या अंगावर जाड शाल होती.

"आत्मा म्हणजे काय?" बाबांनी विचारलं.

"तरंग!" खोली म्हणाली.

"आणि वायफाय म्हणजे काय?"

"तरंग!"

"ते दिसतं का कुणाला? नाही. मग आहे की नाही? आहे! मग आत्म्यानेच काय घोडं मारलंय? उलट वायफायला पासवर्ड लागतो. आत्म्याला तोही लागत नाही!"

समोरच्या घरातल्या काकूंनी टाळी वाजवली. लोकांच्या मोबाइलचे तरंग आत्म्याच्या वाटेत येतात, म्हणून मावशीने दारातच सगळ्यांचे मोबाइल उशीच्या अभ्र्यात गोळा केले होते. मावशी म्हणजे शिंप्याच्या गेलेल्या बायकोची धाकटी बहीण. बाबांना या घरात तिनेच आणलं होतं.

बाबांनी डोळे मिटले. हात शालीत गेले. "ये बाई, लेकीसाठी ये."

हिरवा दिवा लुकलुकला आणि लाल झाला.

शिंप्याची मुलगी गुडघ्यांवर पुढे सरकली. "आई? आई गं, गोळ्या बंदच ठेवू ना?"

दिवा लालच राहिला.

"लाल म्हणजे होकार," बाबा म्हणाले. "गोळ्यांनी मेंदू जड होतो, बाळ. जड मेंदूत आई उतरणार कशी?"

शिंपी आतल्या दारात उभा होता. गळ्यातली टेप त्याने मुठीत आवळून धरली होती. मुलीला लहानपणापासून आकडी यायची. डॉक्टरांच्या गोळ्यांनी ती कित्येक वर्षं थांबली होती. बायको रोज स्वतःच्या हाताने पोरीच्या तळहातावर गोळी ठेवायची, गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. आता तिच्याच नावाने गोळ्या बंद झाल्या होत्या.

लोक पांगल्यावर त्याने मेहुणीला गाठलं. "अगं, तुझी बहीण पोरीला गोळी दिल्याशिवाय अंथरुणाला पाठ टेकायची नाही. आणि आता तीच बंद करायला सांगते?"

"गेलेल्या माणसाला जास्त कळतं, भाऊजी."

"मग विचार तिला, माझी मोठी कात्री कुठे ठेवलीय."

"थट्टा नका करू. ती फक्त हो म्हणते."

"जिवंत असताना कधी म्हणाली नाही ती," शिंपी म्हणाला.

त्याच आठवड्यात मुलगी ओट्यापाशी कोसळली. उकळतं दूध तिच्या मनगटावर सांडलं. शिंप्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं, तिला कुशीवर वळवलं आणि झटके थांबेपर्यंत तो तसाच बसून राहिला. पोर भानावर आली, भाजलेला हात तिने बघितलाही नाही. हसून म्हणाली, "अप्पा, आई जवळ आली होती."

शिंप्याला रडू आलं नाही. रडायचं ते तो बायकोच्या वेळी रडून चुकला होता.

मुलगी घरातूनच मुलांच्या शिकवण्या घ्यायची. शिकवता शिकवता इंटरनेट जायचं, मुलं पडद्यावरून गायब व्हायची आणि ही लाल दिव्याला हात जोडायची. पालक कुरकुरायला लागले. शेवटी ती भाजलेल्या हाताची पट्टी बदलायला दवाखान्यात गेलेली असताना शिंप्याने स्वतःच कंपनीला मोबाइलवरून फोन लावला. पलीकडून एका मुलीचा आवाज आला.

"काका, डब्यावरचे दिवे सांगा."

"एक सोडून सगळे हिरवे. तो एक मधूनच लाल होतो. त्यात माझी बायको येते म्हणतात."

पलीकडे कीबोर्ड खडखडला. "तसा पर्याय माझ्याकडे दिसत नाही, काका. बंद करून चालू केलात?"

"केला."

"डब्यावर काही ठेवलंय का? गरम होतो तो."

"फुलं."

"काढा. आता लॅपटॉप वायरने थेट डब्याला जोडा. तरी जातं का?"

शिंप्याने जोडला. थोड्या वेळाने दिवा परत लाल झाला. "गेलं."

"म्हणजे वायफायचा दोष नाही. बाहेरून येणारी लाइनच तुटतेय. त्या लाइनवर घरातला फोन आहे का?"

"आतल्या खोलीत आहे. पण तो वाजत नाही."

"बिघडलाय?"

फोन बिघडला नव्हता. शेवटच्या दुखण्यात बायकोचा डोळा लागायचा नाही. कधी लागलाच तर घंटीने मोडायचा. म्हणून त्यानेच एक दिवस घंटीचा खटका बंद केला होता. ती गेल्यावर तो खटका पुन्हा चालू करायला कुणाचाच हात गेला नाही.

"घंटी मी बंद केलीय," तो म्हणाला.

"आवाज बंद केला तरी फोन येतोच, काका. भिंतीपाशी एक छोटी डबी असेल बघा, स्प्लिटर. फोन आणि इंटरनेट वेगळं करते ती."

"होती. घर शुद्ध करताना बाबांनी काढून नेली. वाट अडते म्हणाले."

"कोण बाबा? तारा थेट जोडून गेले की काय? मग दर फोनला असंच होणार. घंटी वाजवायला लाइनवर जोराची वीज येते. डबी नसली की तिचा धक्का इंटरनेटला बसतो आणि ते तुटतं. तुमच्या मोबाइलवरून घरी फोन लावून बघा ना."

शिंप्याने तिला थांबायला सांगून घरचा नंबर लावला. आतला फोन मुका. बाहेरचा दिवा लुकलुकला, लाल झाला. त्याने फोन तोडला. जरा वेळ गेला आणि दिवा परत हिरवा झाला. त्याने पुन्हा लावला. पुन्हा लाल.

तो बायकोच्या पलंगाच्या कडेवर बसला. शालीतले हात त्याच्या डोळ्यांपुढे आले. तिला दोन घटका झोप मिळावी म्हणून मुकी केलेली घंटी त्या माणसाने धंद्याला लावली होती.

"काका? दुरुस्तीला माणूस पाठवू?"

"इतक्यात नको," शिंपी म्हणाला. "जरा मोडकंच राहू दे."

पोरीला लगेच सांगता आलं असतं. पण तिने मानलं नसतं, आणि बाबांनी शंकेखोर बापाच्या नावाने बोटं मोडली असती. शिवाय खरं सांगायचं तर शिंप्याला नुसतं सांगायचं नव्हतंच. त्याला त्या माणसाची भर गर्दीत शिवण उसवायची होती.

"बोलाव तुझ्या बाबांना," तो मेहुणीला म्हणाला. "सगळ्या इमारतीला बोलाव. वरचे, खालचे, कुणाला सोडू नकोस."

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. "भाऊजी, अखेर पटलं ना तुम्हाला!"

"पटलं. पक्कं पटलं."

बैठकीच्या दिवशी त्याने लांब तार लावून आतला फोन बाहेर आणला, घंटी पूर्ण मोठी केली आणि फोन कापडाच्या गठ्ठ्याखाली सरकवून स्वतः त्या गठ्ठ्याला टेकून बसला.

"आज शिंपीदादाही हात जोडून बसलेत!" बाबा खुलले. "विचारा, मनात काय असेल ते विचारा."

"एकच विचारायचंय. हिच्या गोळ्या कायमच्या बंद करायच्या ना?"

बाबांनी डोळे मिटले. हात शालीत गेले. "ये बाई, ये! हो म्हण!"

कापडाच्या गठ्ठ्याखालून फोन खणखणून उठला. काकू किंचाळल्या. दिवा लाल झाला. शिंप्याने झटक्यात रिसीव्हर उचलून मुलीच्या हातात दिला.

"घे. आईचा फोन आहे. बोल तिच्याशी."

पोरीने रिसीव्हर कानाला लावला. "आई?"

बाबा शालीत फोन तोडायला चाचपडत होते. घाईत बोट स्पीकरच्या बटणावर पडलं आणि शालीच्या आतून, बाबांच्या पोटाशी, मोठ्याने आवाज आला, "आई?"

मग काकूंनीच हात घालून शाल ओढली. मोबाइल जमिनीवर पडला.

"हे... हे तरंग मोजायचं यंत्र आहे..."

"मग त्याच्यावर माझ्या घरचा नंबर कसा?" शिंप्याने रिसीव्हर जागेवर ठेवला आणि उशीचा अभ्रा लोकांसमोर उपडा केला. "घ्या आपापले मोबाइल. लावा नंबर. प्रत्येकाने एकेकदा माझ्या बायकोला बोलवा!"

एकाने लावला. घंटी, लाल दिवा. दिवा हिरवा झाल्यावर दुसऱ्याने लावला. घंटी, लाल दिवा. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. बाबा दाराकडे सरकला, तसा शिंपी आडवा आला.

"बस खाली. काकूंची पाळी राहिलीय."

काकूंनीही लावला. शिंप्याने एकालाही सोडलं नाही. दर लाल दिव्याला तो बाबाच्या तोंडाकडे बघत होता.

"आता तू सांग. कुठे शिकलास हे?"

"पूर्वी टेलिफोनच्या लाइनवर कामाला होतो," बाबा पुटपुटला. "डबी काढली की असं होतं, हे ठाऊक होतं."

"आणि पोरीच्या गोळ्यांनी तुझं काय वाकडं केलं होतं?"

शिंपी दारातून हलेना. शेवटी बाबा म्हणाला, "गोळ्यांनी माणूस भानावर राहतं. भानावरचं माणूस प्रश्न विचारतं."

मावशीने तोंडावर हात ठेवला. दोघंतिघं बाबाच्या अंगावर धावून गेले. शिंप्याने त्यांना अडवलं, पण दयेपोटी नाही. "मारलंत तर उद्या हाच बिचारा ठरेल. त्यापेक्षा चौकीवर नेऊ. आणि तुम्ही माना खाली घालू नका, इकडे बघा. यंत्र बिघडलं तर तार बघायची, माणूस बिघडलं तर डॉक्टर. कुणी चमत्कार दाखवला तर त्याचे हात कुठे आहेत ते बघायचं. तुम्ही दिव्याकडे बघत बसलात. पहिले काही दिवस मीही बसलो. तिथेच याचं फावलं."

चौकीवरून तो परतला तेव्हा मुलगी चादरीवरची फुलं एकेक करून खाली टाकत होती.

"म्हणजे आई एकदाही आली नव्हती?"

"नाही."

"एकदासुद्धा नाही?"

"आली असती तर आधी माझी चामडी लोळवली असती, पोरीची गोळी चुकू दिलीस म्हणून." त्याने पाण्याचा पेला पुढे धरला. "डॉक्टरांशी बोललोय मी. आजपासून परत सुरू करायची. उद्या दाखवायला बोलावलंय."

तिने त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेत आभार नव्हते. "सगळ्यांसमोर मला आई म्हणायला लावलंत तुम्ही, अप्पा. याचा मला राग आलाय."

"येऊ दे," शिंपी म्हणाला. "गोळी घे, मग हवं तेवढं भांड."

तिने गोळी घेतली. मग ती भांडायला लागली, आणि तो ऐकत बसला.