उसवलेल्या शिवणीचे पान

मी पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, एक जुनी प्रत आहे. पण मित्रांनो, आज मला जुनी म्हणाल तर मी ऐकून घेणार नाही! या वयात माझा नवा संसार सुरू झाला आहे. डोंगरापलीकडच्या एका दवाखान्यात, औषधांच्या बाटल्यांशेजारी मी राहते आणि रोज वाचली जाते. इथवर कशी पोचले, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म छापखान्यातला. पातळ कागद, लाल कडा, काळा पुठ्ठा. बाईंडरने मला जाड दोऱ्याने शिवले, दोरा दातांनी तोडला आणि म्हणाला, “ही नातवंडांनाही पुरेल.” त्या बिचाऱ्याने रांगत्या मुलांचा विचार केला नव्हता.

एका पाववाल्याच्या लग्नात चर्चच्या मंडळीने मला भेट म्हणून दिले. भट्टीमागच्या खोलीत त्याचा संसार. पुढे त्याला मुलगी झाली, ती रांगू लागली. एकदा तिचे बाबा मला जमिनीवर उघडी ठेवून गिऱ्हाईक बघायला गेले आणि ही बया तुरुतुरु आली ती बरोब्बर माझ्या मधोमध बसली. कट्! आतली शिवण उसवली. आईने धावत येऊन तिला उचलले, माझी पाने सारखी केली. दिसायला मी धडधाकट, पण तेव्हापासून मला कुणी कसेही उघडो, मी त्याच पानावर उघडते.

आता त्या घरची रीत ऐका. नवे काही करायचे म्हटले की बाबा ‘वचन काढत’. हात धुवायचे, प्रार्थना करायची, डोळे मिटून मला उघडायचे आणि पानाच्या तळाशी बोट टेकवायचे. बोटाखाली येईल ती देवाची आज्ञा! आणि दर वेळी येणार काय? देवाची माणसे वाळवंटातून चालली आहेत, देव ढगातून त्यांना वाट दाखवतो आहे, आणि ढग तंबूवर टेकलेला असेल तोवर ती मुक्कामाला राहतात, पुढे जात नाहीत. इथे माझे पान संपते.

दुसरी भट्टी लावू या? थांबा. बाजारपेठेत दुकान घेऊ या? थांबा. बाबा समाधानाने डोळे उघडत आणि म्हणत, “बघा, देव कसा ठाम आहे!” मी आतल्या आत तळमळत असे. अहो, माझ्यात राजे आहेत, कोळी आहेत, तुरुंगात गाणी म्हणणारी माणसे आहेत, आणि तुम्ही सदा त्याच ओळीपाशी! एरवी मी कपाटात धूळ खात असे. मान मोठा होता, पण वाचणारे कुणी नव्हते.

ती मुलगी मोठी होऊन नर्स झाली. एका रविवारी तिने आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतला आणि ओल्या केसांनीच घरात धावत आली.

“आई, बाबा, चर्चच्या पाळकांनी मला विचारलंय! डोंगरापलीकडे मंडळीनं दवाखाना काढलाय, पण तिथं नर्सच नाही. बायका बाळंतपणाला डोंगर उतरून खाली येतात. मी जाऊ? पुढच्या रविवारी सांगायचंय!”

आईने तिच्या डोक्यावर टॉवेल टाकला. “आधी केस पूस, मग जग पालथं घाल.”

बाबा हसले नाहीत. ते हात धुवायला गेले. काय निघणार ते मला ठाऊक होते. बोट टेकले. बाबांनी वाचले, “मुक्काम करत, पुढे जात नसत.” लेकीचा चेहरा पडला. ती हळूच म्हणाली, “वचनच तसं असेल तर मी थांबते, बाबा.”

मित्रांनो, मला हात असते तर मी स्वतःच पान उलटले असते!

तेवढ्यात आई फिसकन हसली. “अहो, हे पान देवानं नाही, हिनंच काढलंय! लहानपणी वर बसली होती ना. शिवण उसवली तेव्हापासून ते तिथंच उघडतं.”

बाबा चिडले. “देव उसवलेल्या शिवणीतूनही बोलू शकतो!”

“बोलतोच की, बाबा,” लेक म्हणाली, “पण अर्धंच ऐकायचं का?” आणि तिने माझे पान उलटले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! पलीकडे लिहिले होते की ढग वर गेला की लोक निघत.

“ढग वर गेलाय हे कळणार कसं?” बाबांनी विचारले.

“तंबूतून बाहेर येऊन बघायचं,” आई म्हणाली.

बाबा खाली बसले. म्हणाले, “देवाचं राहू दे. मलाच तुला पाठवायचं नाही.” लेकीने त्यांचा पिठाळ हात धरला. दोघेही रडली.

पण त्या आठवड्यात गंमत झाली. बाबा भट्टीसमोर बसून मला पहिल्या पानापासून वाचू लागले. माझ्यावर पीठ सांडले, पावाचा चुरा पडला, आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वाचता वाचता त्यांनी पावाची एक खेप करपवली. मध्येच ओरडले, “अगं, या म्हाताऱ्याला देवानं कुठं जायचं तेसुद्धा सांगितलं नाही. नुसतं नीघ म्हणाला, आणि हा निघाला!”

“तुम्ही तरुणपणी बाजारपेठेपर्यंतही गेला नाहीत,” आई म्हणाली.

रविवारी पाळकांनी विचारले, तेव्हा लेकीच्या आधी बाबाच उभे राहिले. म्हणाले, “जाईल ती. आणि आमचं शास्त्र सोबत नेईल. मी दुसरं घेतो.”

अशी मी इथे आले. आल्या आल्याच एक बाई अडली. बाळ पायाळू, डॉक्टर खाली गावात गेलेले. लेक दारातच थबकली. मला उघडायला वेळच नव्हता. पण सकाळीच वाचलेले तिच्या ओठांवर होते, “भिऊ नकोस, मी तुझ्याबरोबर आहे.” ते म्हणतच तिने हात धुतले आणि ती कामाला लागली. बाळ रडले, बाई हसली, आणि मी मिटलेली असूनही त्या खोलीत वाचली गेले!

म्हणून सांगते, मित्रांनो. तुमच्याही कपाटात माझी एखादी बहीण असेल. तिच्यावरची धूळ झटका. नवे काही सुरू करताना तिला जरूर विचारा, पण डोळे उघडे ठेवून विचारा. आवडीच्या ओळीवर अडून बसू नका, पान उलटा. आम्ही मळलो, फाटलो तरी चालेल, फक्त आम्हाला न वाचलेले ठेवू नका.

थांबा, फोन वाजला! बाबाच असणार. तेही तिकडे वाचत आहेत, आणि रोज विचारतात.

“आज कुठवर आलीस गं?”

“बाबा, काय सांगू! ते भाऊ धान्य मागायला आलेत, आणि समोर कोण बसलंय त्यांना माहीतच नाही, तो तर...”

“गप्प! पुढचं सांगू नकोस!” बाबा तिकडून ओरडतात. “त्या भावांनी टाकलेलं माझं पोर अजून विहिरीतच आहे!”