मिठाच्या पाण्यातला कौल

"ह्योच डबा फोड," मनुबाई म्हणाली आणि कडा गंजलेला डबा तिनं सुनेच्या पुढ्यात ठेवला.

दीपमालाच्या हातातली चाळणी तशीच राहिली. "आत्या, बारा वर्सं झाली त्येला. पत्र्याखाली पार भाजून निघालाय. त्यात काय जित्तं ऱ्हायलं असंल?"

"तू फोड. ह्यातलं उठलं, तर माझा शंभू हाय. मग उद्याचं काय करायचं न्हाई."

उद्या शंभूराजला अग्नी द्यायचा होता, आणि शंभूराज तर नव्हताच. मनुबाईचा हा एकुलता एक मुलगा, दीपमालाचा नवरा, फौजेत होता. काश्मीरकडं बर्फाचा कडा त्याच्या तुकडीवर कोसळला. बाकीच्यांची प्रेतं आपापल्या गावी पोचली, याचं पोचलं नाही. बारा वर्षं वाट पाहून सासरे नाथाजी शेवटी म्हणाले, पळसाच्या काड्यांचा पुतळा करू, त्याला जाळू, पोराला मोकळं करू. पालीच्या खंडोबाला त्यांनी कौल लावला. देवानं उजवा दिला, म्हणजे होकार.

"त्यो जातानाबी देवानं उजवाच दिलता," एवढंच मनुबाई म्हणाली. देवाशी तिचं तेव्हापासूनच वाकडं होतं.

उंब्रजजवळच्या उसाच्या कडेला ही शेड शंभूराजनंच एका सुट्टीत घातली होती. पेन्शनीत निघालो की रंगीत मासे वाढवू म्हणायचा. हा गंजलेला पहिला डबाही त्यानंच आणला. तो तसाच राहिला आणि पुढं धंदा दीपमालानं उभा केला. माशांची बारकी पिल्लं कोरड्या खाण्याला तोंड लावत नाहीत, त्यांना जित्तं लागतं. त्यासाठी आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारक्या किड्याची अंडी उबवायची. दिसायला नाचणीचं पीठ. मिठाच्या पाण्यात टाकून खालून हवा सोडली की दुसऱ्या दिवशी त्यातनं केशरी ठिपके पोहायला लागतात. कऱ्हाडच्या कॉलेजातली पोरंही अंडी न्यायला येत. फवारणीच्या औषधात ते किडे सोडून किती मरतात ते बघायचं असे. "जित्याला मारून कसला अभ्यास करताय रं मुडद्यांनो?" असं म्हणून मनुबाई त्यांना चहा द्यायची.

मेल्यागत पडलेली भुकटी उठते हे तिनं एकदा डोळ्यांनी पाहिलं, आणि तेव्हापासून शंभू गेला हे तिला समजावणं कुणाच्या बापाला जमलं नाही. दाराची कडी ती कधी लावू द्यायची नाही.

दीपमाला तिला हसायची नाही. टाक्यांच्या मागं कुणीतरी घसा खाकरायचं, अगदी त्याच्यासारखं. तिच्या तोंडून "आले" निघून जायचं. मग ती पुन्हा पाणी बदलायला लागायची.

तिनं डबा फोडला. कुबट वास आला. भुकटी बाटलीत टाकून तिनं हवा सोडली. नवा डबा हाताशीच होता. त्यातली चिमूटभर टाकली असती तरी कुणाला कळलं नसतं, आणि म्हातारीची आस राहिली असती. हात तिकडं गेलाही. पण ती थकली होती. ना धड सवाशीण, ना धड विधवा, असं आणखी किती वर्षं जगायचं? 'उठू नकोस,' ती बाटलीकडं बघत मनाशी म्हणाली आणि स्वतःलाच भ्याली. आपल्या माणसाला कुणी असं म्हणतं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं हवा बंद केली आणि बाटलीच्या बुडाशी बॅटरी धरली. जित्तं असतं ते उजेडाकडं धावतं.

बुडाशी केशरी ढग जमला.

मग तिचं लक्ष शेजारच्या बाटलीकडं गेलं. पिल्लांसाठी उबवलेली ती भरली बाटली निम्मी झाली होती. मनुबाईचा पदर ओला होता आणि त्यावर मिठाचे पांढरे डाग उमटत होते.

"उठलं का गं?" मनुबाईनं भिंतीकडं बघत विचारलं.

दीपमालानं बॅटरी विझवली. "उठलं, आत्या. मामांस्नी सांगते मी. आज काय करायचं न्हाई."

मनुबाई पालथ्या बादलीवर बसली.

"तुला दिसलं न्हाई व्हय, मीच वतलं ते?"

"दिसलं."

"मग न्हाई म्हणायचं हुतं की गं पोरी! मी आई हाय. मी कुठल्या तोंडानं न्हाई म्हणू?"

दीपमालानं तिचं डोकं पोटाशी धरलं. बारा वर्षांत दोघी एकमेकींसमोर कधी रडल्या नव्हत्या, त्या आता रडल्या. मग दीपमाला म्हणाली, "न्हाई उठलं, आत्या. एकबी न्हाई." मनुबाईनं मान हलवली.

नदीवर बायका जात नाहीत. मनुबाई गेली, सुनेचा हात धरून गेली, आणि तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही. नाथाजींनी पुतळ्याला अग्नी दिला. वाळलेल्या काड्या भडकल्या, माणसं मागं सरली. मनुबाई पुढं झाली. पायाकडच्या काड्या जाळाबाहेर राहिल्या होत्या. तिनं वाकून त्या हातानं आत सारल्या.

"पाय आत घे रं," ती म्हणाली. "लय गारठला असशील."