सत्तावीसची चढण

"शटर ओढ," बाबा म्हणाले.

धाकटीने शटर ओढलं. ते जमिनीला टेकायच्या आत फॅन बेल्टचा पहिला फटका दादाच्या पाठीवर बसला.

कारण होतं बॉनेट. गिऱ्हाईक आत्ताच शिव्या घालून गेलं होतं, कारण गाडीच्या पांढऱ्या रंगातून निळे आकडे वर आले होते. दादाने प्रायमरवर मार्करने गणित मांडलं होतं. रंगाखाली जाईल, असं त्याला वाटलं. मार्करची शाई रंग फोडून वर येते, हे गॅरेजमधल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण आकडे सुचले की दादाला काहीच कळत नसे.

"बॉनेट काय तुझ्या बापाची पाटी आहे?" बाबा ओरडले. बाप आपणच, हे ध्यानात आल्यावर आणखी भडकले.

दादाने दोन्ही हात बॉनेटवर टेकले.

"आकडा दे," तो दातांतून म्हणाला.

हे दोघांचं लहानपणापासूनचं. एकाला मार बसत असला की दुसऱ्याने आकडा द्यायचा. सम असेल तर अर्धा करायचा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवायचा, असं करत एकावर पोचायचं. डोकं तिकडे गुंतलं की पाठ दुसऱ्या कुणाची तरी होते. कुठूनही निघा, शेवटी एक येतो. पण येतोच का, हे जगात अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. दादाला करायचं होतं.

धाकटीला या खेळाचा वीट आला होता. बाईंना उलट बोलून तिने शाळा सोडली ती सोडलीच. गप्प बसणं तिच्या रक्तात नव्हतं. मागच्याच आठवड्यात ती म्हणाली होती, "त्यांच्यापेक्षा वीतभर उंच आहेस. एकदा हाण की."

"एकदा हात उचलला तर थांबायचं कुठे, ते मला नाही कळणार," दादा म्हणाला होता. "त्यांना तरी कुठे कळतं?"

सोळा दिला असता तर चार उड्यांत संपलं असतं. ती म्हणाली, "सत्तावीस."

दादाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. सत्तावीस दिसायला बारका, पण चढत चढत हजारांत जातो. कागदाशिवाय दादाला तो कधी जमला नव्हता. त्याने चुकावं, म्हणजे त्याचे हात मोकळे होतील, एवढंच तिला हवं होतं.

"ब्याऐंशी. एकेचाळीस. एकशे चोवीस."

"मला शिव्या देतोस?" बाबांनी कानावर मारलं. रक्त मानेवरून शर्टात उतरलं. दादा मोजत राहिला. धाकटीही मनात सोबत चालली होती. शाळा सुटली तरी पाढे सुटले नव्हते.

बाबांना धाप लागली होती. फटके विरळ पडू लागले.

"सहा हजार एकशे चोपन्न. तीन हजार सत्याहत्तर. नऊ हजार दोनशे..."

बेल्ट तोंडावर बसला. दादा दात थुंकला. "नऊ हजार..." पुढचं येईना. ओठ नुसतेच हलले. मग त्याचा हात बाजूच्या लाकडी हातोड्यावर पडला.

बाबांचा जबडा पहिल्याच घावात वाकडा झाला. ते पडले, तरी दादा थांबला नाही. पोचा काढताना एकाच जागी ठोकायचं नाही, कडेकडेने आत यायचं, हे बाबांनीच शिकवलं होतं. तो तसाच, शांतपणे ठोकत होता. पहिल्या घावाला धाकटीच्या छातीत गार वाटलं. तिसऱ्याला तिने त्याच्या हाताला लोंबकळून हातोडा हिसकावला.

"दादा, मरतील ते."

बाबांचा श्वास बुडबुडत होता. एक डोळा उघडा होता. तिने जबड्याखाली फडकं दाबून धरलं. दादा तिथेच फरशीवर बसला आणि आपल्या हातांकडे बघत राहिला.

"कुठे होतो मी?" त्याने विचारलं.

"काय?"

"नऊ हजार किती? अजून चढतच होता, की संपत आला होता?"

तिला माहीत होतं. नऊ हजार दोनशे बत्तीस. सत्तावीस त्याच्या वर कधीच जात नाही; तिथून तो उताराला लागतो.

फडकं भिजलं होतं. तिने घडी पालटली आणि कोरडी बाजू दाबली.

"चढतच होता," ती म्हणाली. "लई बाकी होतं."