सतरावी सही

लवर्न पेटवेच्या पत्राला एमरी टोथने तीन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पाकीट मात्र तेव्हाच तयार केलं होतं: तिचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं, आत काहीच नसलेलं. ते तो पुस्तकात खूण म्हणून वापरायचा.

लवर्न ही हार्लन क्रीक नावाच्या मॉलमध्ये प्रेट्झेल या खाऱ्या पावाच्या गाड्यावर कामाला होती. एमरी हा शाळेतला निवृत्त ग्रंथपाल रोज सकाळी तिथे चालायला जायचा. दुकानं उघडण्याआधी मॉल म्हाताऱ्यांना चालण्याच्या व्यायामासाठी आत घेई. तीन फेऱ्या, मग फुकट कॉफी. लवर्न त्याच्याकडून पुस्तकं नेई, वाचून परत करी. त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं तेवढंच एक माणूस उरलं होतं.

पत्रात तिने लिहिलं होतं, 'मॉलवाले एक्केचाळीस नंबरच्या बसचा थांबा दारातून उचलून हायवेपलीकडे नेणार आहेत. म्हणे बसने येणाऱ्यांची तुम्हा चालणाऱ्यांना भीती वाटते. मंगळवारी सुनावणी आहे. आम्ही कधी त्रास दिला नाही, एवढी एक ओळ लिहून द्या. तुमचं ऐकतील.'

एमरीने त्या ओळीचे चार खर्डे केले. 'त्रास' बरा की 'उपद्रव', यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी चालणाऱ्यांचा म्होरक्या गस फेरीच्या मध्येच कागद घेऊन आला.

"सही ठोक, प्रोफेसर."

"कशावर?"

"बसथांबा हलवायचाय. अरे, वाचत काय बसलास? कादंबरी आहे का ती?"

मागे सगळे खोळंबले होते. कुणीतरी फिस्सकन हसलं. एमरीने सही केली. सतरावी.

सुनावणीत नावं वाचली नाहीत, फक्त आकडा सांगितला: एकतीस. थांबा गेला. आता हायवेच्या सात लेन ओलांडायच्या, आणि हिवाळ्यात बर्फ काढणारे ट्रक सगळा ढीग पायवाटेवरच लोटून जायचे. लवर्न तीनदा उशिरा पोचली, तिचं काम गेलं.

या फेब्रुवारीत डोळ्यांच्या तपासणीत नापास होऊन एमरीचा गाडीचा परवाना गेला. पहिल्याच सकाळी तो एक्केचाळीस नंबरच्या बसमधून उतरला, तर थांब्यावर लवर्न. गोदामातल्या नव्या कामासाठी ती इथे बस बदलायची. उजवा पाय ओढत होती.

"टोथसाहेब! तुम्ही आणि बसने?" तिने त्याचा हात धरला. "ते सिग्नलचं बटण दाबू नका, दिवा बदलतच नाही. ट्रक गेला की निघा, दुभाजकावर दम खा. तिथेच मला गाडीने उडवलं. एक बूट असेल बघा अजून बर्फात, दिसला तर आणा." ती खळखळून हसली. मग म्हणाली, "माझं पत्र मिळालं नाही ना तुम्हाला?"

"नाही," एमरी म्हणाला.

"वाटलंच मला! बहीण म्हणायची, तोही त्यांच्यातलाच. किती भांडले मी तिच्याशी. म्हटलं, पत्र पोचलं असतं तर त्यांनी लिहिलंच असतं."

तिची बस आली.

एमरी मॉलमध्ये पोचला तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती. तो बाकावर टेकला. नव्या रखवालदाराने चालणाऱ्यांचा बिल्ला मागितला. त्याच सह्यांनंतर बिल्ल्याशिवाय बसायला बंदी झाली होती. एमरीचा बिल्ला विकलेल्या गाडीच्या आरशाला लटकत राहिला होता. तेवढ्यात गसची टोळी फेरी घेत आली.

"गस, सांग रे यांना."

गसने त्याच्या ओल्या पँटकडे पाहिलं. "कोण हा? बसवाला दिसतोय. आम्हाला भीती वाटते बाबा!"

टोळी हसत पुढे गेली. रखवालदाराला थट्टा कळली नाही. त्याने एमरीला कोपराला धरून दाराबाहेर काढलं. पुढच्या फेरीला गसने काचेआडून कॉफीचा कप उंचावून दाखवला.

सात लेन परत ओलांडून एमरी थांब्यावर आला. जवळच्या पुस्तकाचं पहिलं कोरं पान त्याने फाडलं. आयुष्यात पहिल्यांदाच. पेन्सिलने लिहिलं, 'लवर्न, पत्र मिळालं होतं. एकतिसातली सतरावी सही माझी.' शब्द बदलले नाहीत. बहिणीपुढे लवर्नकडे 'पत्र पोचलं असतं तर त्यांनी लिहिलंच असतं' एवढंच म्हणायला उरलं होतं, तेही आता जाणार, हे त्याला ठाऊक होतं.

पान खुणेच्या त्या जुन्या पाकिटात घालून थांब्याजवळच्या टपालपेटीत त्याने ते टाकलं. लगेच ते परत काढायला फटीतून बोटं आत घालून पाहिली. पोचली नाहीत.