आधी मामी, मग मामा

डॉक्टरकी शिकणाऱ्या वरुणरावाला माणसाची सगळी हाडं तोंडपाठ होती. वेळ आली असती तर मोठ्या देवळातल्या नंदीचीही त्यानं घडाघडा सांगितली असती. पण आजची परीक्षा हाडांची नव्हती. व्हीलचेअरवरच्या अंबुजामामींची विचारपूस करायची, आणि पास की नापास ते मामींनीच ठरवायचं, असा वर्ग घेणाऱ्या शांभवी मॅडमचा नियम. नापास झाला तर दिवाळीची सुट्टी वॉर्डात!

मामी गणिताच्या निवृत्त शिक्षिका. लहानपणी पोलिओनं पाय गेले, जीभ मात्र शाबूत. खुर्चीमागे त्यांचे यजमान, सेतुराममामा, उभे.

आता इथं तमिळ मुलखात, राजवाड्याकडच्या आपल्या मराठी घरांतली रीत अशी, की जोडपं समोर आलं की आधी यजमानांशी बोलायचं. वरुणराव त्याच रीतीत वाढलेला. मामींकडे बघून तो गोड हसला, आणि मान वर करून त्यानं मामांना विचारलं, "झोप कशी आहे?"

मामांना जन्मात कुणा डॉक्टरनं आपणहून काही विचारलं नव्हतं. कावेरीवरच्या कल्लणै धरणाचे दरवाजे उघडावेत तसे ते सुटले. "झोप कसली रे तम्बी! रात्रभर लघवीला उठावं लागतं. आणि धार म्हणशील तर उन्हाळ्यातली कावेरी!"

वरुणरावानं भराभर टिपून घेतलं आणि ऐटीत सांगितलं, "मॅडम, पेशंटची प्रोस्टेट वाढली आहे."

वर्गात असं हसू फुटलं, की पंखा म्हणे उलटा फिरला.

"अय्यो, मला?" मामी म्हणाल्या. "तो पुरुषांचा अवयव ना रे? या वयात नवीन उगवला म्हणायचा!" मग मागे वळून, "आणि तुम्ही! रात्री मांजर हाकलायला उठतो म्हणता ना?"

मामा खुर्चीच्या मुठी न्याहाळू लागले.

वरुणरावाच्या डोळ्यांपुढचे दिवाळीचे फटाके फुसकन विझले. स्टूल ओढून तो मामींच्या समोर बसला. "मामी, चुकलो. तुम्हाला काय त्रास होतो?"

"उजवा खांदा हिचा—" मामा सुरू झाले.

"मामा, तुमचा नंबर नंतर," वरुणराव मान न वळवता म्हणाला. "नक्की बघतो. आधी मामी."

मामा गप्प. चक्क गप्प!

"शांभवी, याला पास कर," मामी म्हणाल्या. "लग्नापासून मला जे जमलं नाही, ते यानं करून दाखवलं. आणि तम्बी, लिही आता. खांदा डावा."